मांजर परत परत ओकतंय? आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, गॅस कधी लावला, कामाच्या मावशी कधी आल्या नाहीत, सगळं त्याच्यावर. दीड वर्षापूर्वी त्यात आणखी एक खूण सुरू झाली. चिमी ओकली की त्या तारखेच्या चौकोनात 'चि' लिहायचं, आणि ओकारीत केस असले तर 'चि'भोवती गोल करायचा. दोन महिन्यांनी मोजलं तर १४ वेळा 'चि' होता आणि गोल होते फक्त ३. त्याआधी वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की आमच्या मांजरीला केसांचा त्रास आहे.

चिमी तेव्हा नऊ वर्षांची होती. देशी, आखूड केसांची. आठवड्या-दहा दिवसांनी ओकायची आणि थोड्या वेळाने पुन्हा वाटीपाशी यायची. ओळखीतल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच, "अगं, मांजरं ओकतातच." एका दवाखान्यात केसांसाठी पेस्ट दिली, ती सहा महिने चाटवली. पुढे तिचं ओकणं आठवड्यातून दोनदा झालं तरी आम्हाला ते जाणवलं नाही, कारण आम्ही मोजतच नव्हतो. मधल्या काळात ती ४.१ किलोवरून ३.५ किलोवर आली. वजनाचा जवळजवळ १५ टक्के भाग गेला होता आणि आम्हाला ती 'जरा सडपातळ' दिसत होती. याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मांजराला अधूनमधून केसांचा गोळा पडणं, आणि बाकी खाणं-खेळणं-वजन सगळं जागेवर असणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दर आठवड्याला ओकणं, किंवा तीन आठवडे उलटले तरी न थांबणारा त्रास, हा मांजराचा 'स्वभाव' नसतो. केसांचे गोळे वारंवार पडत असतील तर तेही आतड्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. केस सगळीच मांजरं चाटतात आणि गिळतात. निरोगी आतड्यातून ते शीवाटे निघून जातात. आतड्याची हालचाल मंदावली की ते मागे राहतात आणि तोंडावाटे येतात. दोष केसांना दिला की मूळ कारण तसंच राहतं.

नक्की काय होतंय ते बघा

फरशी पुसायच्या आधी एक मिनिट थांबा. शक्य झालं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण 'ओकली' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो.

खरी उलटी येण्याआधी मांजर अस्वस्थ होतं. ओठ चाटतं, सारखं गिळतं, लाळ येते, कधी घशातून वेगळाच खोल आवाज काढतं. मग पोटाचे स्नायू जोरजोरात आत ओढले जातात, सगळं अंग हलतं, आणि काहीतरी बाहेर पडतं.

दुसऱ्या प्रकारात पोट हलतच नाही. मान खाली जाते आणि आत्ता खाल्लेलं जसंच्या तसं, बरेचदा लांबट वळीसारखं, बाहेर येतं. ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं. घाईघाईने खाणाऱ्या, किंवा शेजारी दुसरं मांजर असल्यामुळे बकाबका गिळणाऱ्या मांजरांत हे दिसतं. यावर आमच्याकडे इडलीपात्र कामाला आलं. इडलीच्या ताटलीतल्या प्रत्येक खळग्यात चार-चार दाणे टाकायचे. मांजराला एका खळग्यातून दुसऱ्यात तोंड घालावं लागतं आणि वेग आपोआप कमी होतो. दिवसाचं खाणं दोनाऐवजी चार-पाच वेळांत वाटून द्या, आणि दोन मांजरं असतील तर वाट्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. आठवडाभर असं करूनही थांबलं नाही, तर अन्ननलिकेची तपासणी करून घ्यायला हवी.

तिसरी गोष्ट उलटी नसतेच. मांजर जमिनीसरशी बसतं, मान पुढे ताणतं, खर्रखर्र करतं आणि शेवटी काहीच बाहेर पडत नाही. घरातले म्हणतात, केसांचा गोळा अडकलाय. पुष्कळदा हा खोकला असतो आणि त्यामागे दमा निघतो. पेस्ट चाटवून दमा बरा होत नाही. हा फरक तोंडी सांगून कळत नाही, डॉक्टरांना व्हिडिओच दाखवावा लागतो.

मग बाहेर काय पडलं ते बघा. पहाटे रिकाम्या पोटी पिवळं पाणी किंवा पांढरा फेस पडत असेल, तर रात्री झोपण्यापूर्वी थोडं खायला देऊन बघा. काही मांजरांत एवढ्यानेच फरक पडतो. शेवयांसारखे पांढरट जंत दिसले तर ते गोल जंत. खाऊन आठ-दहा तास झाले तरी अन्न न पचता पडत असेल, तर पोट पुढे सरकवत नाहीये. कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी काही दिसलं तर ते पोटात पचलेलं रक्त असू शकतं. त्या दिवशीच दवाखाना गाठा.

नखरे नाहीत, मळमळ आहे

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. मांजर भूक लागल्यासारखं ओरडतं, वाटीपाशी येतं, हुंगतं आणि मागे फिरतं. आपण म्हणतो, नखरे वाढलेत. मग दुसरा ब्रँड आणतो, ट्यूना उघडतो, आणि नवीन वासाने ते दोन दिवस खातंही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चिमी वाटीशेजारची फरशी पंजाने खरवडायची, ट्रेमध्ये शी झाकतात तशी. आम्हाला गंमत वाटायची, मी त्याचा व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला होता. नंतर डॉक्टरांनी तोच व्हिडिओ बघून विचारलं, "हे कधीपासून?" अन्न हुंगून ओठ चाटणं, गिळणं, वाटी झाकायचा प्रयत्न करणं, खाताना मध्येच उठून जाणं, हे सगळं मळमळीकडे बोट दाखवतं. पोट दुखत असलं की मांजर पाय अंगाखाली घेऊन, पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून बसतं. ते झोपलेलं वाटतं, पण मान टाकलेली नसते. अंग चाटणं कमी होतं, पाठीवरचे केस फुटल्यासारखे दिसतात. पलंगाखाली किंवा कपाटामागे राहणं वाढतं. दुखतंय असं मांजर ओरडून सांगत नाही. ते आपल्यापासून लांब जाऊन बसतं.

उलट बाजूचंही एक चित्र आहे. आठ-दहा वर्षांपुढचं मांजर अधाशासारखं खातंय, ओकतंय, आणि तरी हाडं दिसायला लागलीत. भूक चांगली आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात. अशा मांजराची थायरॉइड आणि साखर तपासली पाहिजे. पाणी खूप पितंय आणि वाळूत लघवीचे मोठे गोळे दिसताहेत, तर किडनीही. ओकण्याचं मूळ दरवेळी पोटातच असतं असं नाही.

वाळूचा ट्रे

ट्रे साफ करणं हे ज्याचं काम, त्याला मांजराच्या तब्येतीची पहिली बातमी मिळते. निरोगी शी दिवसातून एक-दोनदा, वळीसारखी, उचलताना न फुटणारी.

जुलाबात दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींचा पत्ता वेगळा. ढीगभर पातळ शी, पण खेपा फार नाहीत, आणि वजन उतरतंय, तर बिघाड लहान आतड्यात. सारखं ट्रेकडे पळणं, कुंथणं, थोडीशीच शी, तिच्यावर शेंबडासारखी चिकट आव आणि लाल रक्ताचा थेंब, तर मोठ्या आतड्यात. डांबरासारखी काळी शी म्हणजे वरच्या भागातलं रक्त. हे एवढं वेगळं करून सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

गुदद्वाराभोवती किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे. हा जंत पिसवांमधून येतो. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि जंत पोटात जातो. म्हणून जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर महिन्या-दोन महिन्यांत दाणे परत दिसतात. 'गोळी लागू पडत नाही' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा गोळीचा दोष नसतो. मानेवर टाकायचं पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या मांजरांना, एकाच दिवशी. ते मांजराचंच असायला हवं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराला जीवघेणं ठरतं.

पिल्लांचे जुलाब मात्र थांबून बघण्याची गोष्ट नाही. रस्त्यावरून आणलेलं, लस न झालेलं पिल्लू ओकतंय, जुलाब होताहेत, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय पण पीत नाही, तर तो पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो. यात तास मोजावे लागतात. घरात दुसरी मांजरं असतील तर पिल्लाला आणि त्याच्या भांड्यांना वेगळी खोली द्या. या विषाणूवर लस आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस असतात.

आणि एक मोठी गफलत. बोका ट्रेमध्ये सारखा जातोय, कुंथतोय, ओरडतोय, तर घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालंय आणि एरंडेल शोधतात. आधी वाळू बघा. लघवीचा ओला गोळा दिसतोय का? दिसत नसेल तर त्याची लघवी तुंबली असू शकते. बोक्यात मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो बंद झाला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. खरं बद्धकोष्ठ असेल, म्हणजे लघवी नीट होतेय पण दोन-तीन दिवस शी नाही किंवा लेंड्यांसारखे कोरडे खडे पडताहेत, तर ओलं खाणं आणि जास्त पाणी मदत करतं. माणसांचा एनिमा मात्र कधीही देऊ नका. त्यातल्या फॉस्फेटने मांजर दगावू शकतं.

वाटीत काय जातंय

आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी. दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी होत जातं. 'आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या दूधच देतात' हे खरं असेल, पण तुमच्या मांजराला सैल शी होत असेल तर पहिलं काम एकच: दहा दिवस दूध पूर्ण बंद. इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट उत्तर देणारा दुसरा प्रयोग नाही.

दूध-पोळीवर पोट ठीक राहिलं तरी ते मांजराचं अन्न नव्हे. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-मासळीत असतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू खराब होतो. हृदयाचा हा संबंध १९८७ साली उजेडात आला आणि त्यानंतर जगभर मांजरांच्या खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं.

कालवणातला मासा धुऊन देणं ही कोकणातल्या घरांतली जुनी रीत. वाटणातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, आणि तो धुण्याने पुरता जात नाही. द्यायचाच तर बांगडा नुसत्या पाण्यात उकडा, काटे बोटांनी चाचपून काढा, मीठही नको. खारे बोंबील तर नकोतच.

कोरड्या खाण्याचं एक पावसाळी दुखणं आहे. दुकानात मोठी पिशवी फोडून सुटं मिळणारं खाणं जून-जुलैत ओल धरतं, त्यातली चरबी खवट होते. जुलाब दरवर्षी पावसाळ्यातच होत असतील तर दाणे हातात घेऊन वास घ्या. जुन्या शेंगदाण्याचा वास आला तर फेकून द्या. खाणं त्याच्या मूळ पिशवीतच, तोंड घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा. आणि नवीन खाणं सुरू करताना सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण.

दोरा

याच्यावर वेगळं लिहायलाच हवं, कारण आपल्या घरांत दोरे फार. संक्रांतीचा मांजा, देवाला वाहिलेल्या हाराचा आणि गजऱ्याचा दोरा, राखी, शिवणाची सुई दोऱ्यासकट, दुधाच्या पिशवीचं रबर. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तो थुंकता येत नाही, आतच ओढला जातो. पुष्कळदा त्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होत जातं. मग दोरा आतड्याला कापतो.

मांजर अचानक वारंवार ओकायला लागलं, खाणं बंद झालं, तर तोंड उघडून जीभ वर करून बघा. दोरा दिसला, किंवा मागून लोंबताना दिसला, तर ओढू नका. तसंच घेऊन जा. संध्याकाळी देवघरातलं निर्माल्य झाकणाच्या डब्यात टाकायची सवय आम्ही याच भीतीने लावून घेतली. हारात लिली असतील तर त्या घरातच आणू नका. खऱ्या लिलीचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तर मांजराची किडनी निकामी होते आणि सुरुवात दिसते ती साध्या ओकण्याने.

घरी काय करू नये

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसांची एक गोळीसुद्धा मारू शकते. जुलाब थांबवायच्या गोळ्या, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, घरात उरलेली अँटिबायोटिक्स, काहीही नाही. ओकारी पुसायला फिनेल वापरू नका. ते पंज्याला लागतं, मांजर पंजा चाटतं, आणि त्यातलं फिनॉल पचवण्याची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी पुरतं.

'एक दिवस उपास घालू' हा सल्ला कुत्र्यांसाठी दिला जात आला आहे, मांजराला तो लावू नका. मांजर, विशेषतः जाडजूड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि तो स्वतंत्र, गंभीर आजार होतो. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पिल्लू असेल तर इतकीही वाट बघू नका.

दवाखान्यात जाताना

तीन गोष्टी बरोबर न्या. कॅलेंडरचा फोटो, व्हिडिओ, आणि त्याच दिवशीची शी लहान स्वच्छ डबीत. जिआर्डियासारखा जंतू रोजच्या शीत सापडतोच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागितले तर कंटाळू नका. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, मोठ्या शहरांत मांजरांची सवय असलेले डॉक्टर मिळतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, तरी तिथेही शी सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. स्पष्ट शब्दांत तेवढं मागा.

वजन दर महिन्याला घ्या. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घेतला, मांजर पिंजऱ्यात, पिंजऱ्याचं वजन वजा, झालं. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. डोळ्यांना ते दिसत नाही.

चिमीच्या शीत काही सापडलं नाही. थायरॉइड आणि किडनी ठीक, बी १२ कमी, आणि सोनोग्राफीत लहान आतड्याची भिंत जाड. डॉक्टरांनी आतड्याची जुनाट सूज म्हटलं. नेमकं सूज की संथ वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) हे बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, ठरत नाही, तेही सांगितलं. आधी बी १२ची इंजेक्शनं, दर आठवड्याला एक, सहा आठवडे. बरोबरीने हायड्रोलाइज्ड, म्हणजे आधीच बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनांचं एकच खाणं. त्याखेरीज तोंडात काहीही नाही, ट्रीट नाही, चव असलेलं टॉनिक नाही.

पहिले तीन आठवडे काही फरक पडेना. मग एका दुपारी मी लवकर घरी आले, तर सासूबाई ओट्यापाशी बसून तिला बांगड्याचा लहानसा तुकडा भरवत होत्या. त्यांना वाटत होतं की या रुक्ष दाण्यांवर पोर वाळत चाललीय. मी त्यांच्याशेजारी बसले आणि कॅलेंडरवरचे 'चि' दाखवले. त्या बराच वेळ ते पान बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून चिमीचं खाणं मोजून द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. असा पथ्याचा प्रयोग सहा ते आठ आठवडे करायचा असतो, मात्र पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागतो. आमच्याकडे या वेळी दिसला, पण पुरेसा नव्हता. मग प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा लहान डोस जोडावा लागला, आणि तो अजून चालू आहे.

आता ती ३.९ किलो आहे. गेल्या महिन्याच्या पानावर सासूबाईंच्या अक्षरात एकच 'चि' आहे, गोलातला.